एकटोचे साहेब

माझ्या थोरल्या दिरांचं नाव निघालं की लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुटतं आणि मी हात धुवायला उठते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाईने मनात काहीतरी ठेवून लिहिलं. मनात काहीच ठेवलेलं नाही. सगळं नरड्याशी आलेलं आहे.

आम्ही एकाच लॅबमध्ये कामाला आहोत. पुढच्या खोलीत ते रक्त काढतात, मागच्या खोलीत मी ते तपासते. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, तिच्यातून ट्यूबांचा ट्रे माझ्याकडे सरकतो. लोकांना पुढच्या खोलीतले भाऊजी दिसतात, मला त्यांचा ट्रे दिसतो. माणूस ओळखायला मला तेवढं पुरतं.

बाहेरच्या बाकावर सकाळपासून गर्दी असते. शेजारच्या टेबलावरची मुलगी हात जोडून रिकामी बसलेली असते, पण कुणी तिच्याकडे जाईल तर शपथ. "आम्ही थांबतो की. आम्हाला एकटोचे साहेबच हवेत." एकटोचे हे काही आमचं आडनाव नाही. एकदा सुई घातली की काम फत्ते, दुसऱ्यांदा टोचणं नाही, म्हणून कुण्या पेशंटने कौतुकाने ठेवलेलं ते नाव. आता ते इतकं चिकटलंय की पार्सल आणून देणारा माणूसही त्याच नावाने हाक मारतो, आणि भाऊजी सासरी आल्यासारखे लाजतात.

दिसायला माणूस देखणा. केस मागे वळवलेले, कोट कडक इस्त्रीचा, आवाज असा की रडणारं मूलही गप्प व्हावं. पण त्यांचे हात बघा. ट्रे घ्यायला खिडकीशी गेले की मी बघते. हातमोजा घालतात आणि लगेच दातांनी त्याच्या तर्जनीचं टोक फाडतात, कारण म्हणे उघड्या बोटाला शीर चांगली लागते. मग मोज्याचं नाटक कशाला करायचं? स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि ओलं लवकर सुकावं म्हणून त्यावर फुंकर मारतात. सकाळी तोंडात तंबाखू, दुपारी कांदा, आणि ती फुंकर पुसलेल्या कातडीवर. वर त्याच उघड्या बोटाने शीर पुन्हा चाचपतात. सुईचं टोपण दातांत धरतात. दंडाला पट्टा बांधून समोरच्याच्या मुलीचं लग्न, जावयाची नोकरी, सगळं विचारून होतं, तोवर हात जांभळा पडायला लागतो. "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा. शाब्बास!" आणि ट्यूब भरली की खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तशी खळाखळा हलवतात. रक्तातल्या पेशी फुटतात त्याने. मागे माझ्याकडे जो द्रव पिवळसर यायला हवा तो गुलाबी येतो. मी खिडकीतून ओरडते, "भाऊजी, पुन्हा काढा, हे बाद आहे." ते पुढून म्हणतात, "धाकटे, तुझं मशीनच तापट आहे. तुझ्यावर गेलंय." सगळं बाक हसतं.

मनातल्या मनात मी त्यांना केव्हाच 'तो' करून टाकलंय. पण तोंडाने आदर सुटत नाही. किळस आली तरी 'ते' म्हणावं लागतं, असलं आमचं घर.

शिकाऊ मुलींना त्यांच्याकडेच बसवतात. लोकांना आवडतो तोच गुरू. एक चांगली, नीटनेटकी मुलगी आली होती. हात धुवायची, स्पिरिट आपोआप सुकेपर्यंत थांबायची, ट्यूबवर नाव पेशंटसमोर लिहायची, तेही त्याला विचारून. काही आठवडे गेले आणि एका सकाळी मी पाहिलं, ती दातांनी मोज्याचं टोक फाडत होती. मला आत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

एकटोचे होण्याची गोष्ट आमच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. भाऊजी नवखे होते तेव्हाची. एका बाईची शीर सापडेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं, बाई कळवळली, आणि तिच्या नवऱ्याने भरल्या बाकासमोर भाऊजींच्या कानफटात ठेवून दिली. पोरगा घरी आला तो जेवला नाही, बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सकाळी उठून म्हणाला, "आई, आजपासून कुणाला दुसऱ्यांदा टोचणार नाही." सासूबाई इथे डोळे पुसतात. "आणि शब्द पाळला हो माझ्या लेकराने!"

पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. थप्पड खाल्लेल्या नवख्या माणसाचं कुणाला वाईट वाटणार नाही? पण रक्त काढणाऱ्याने असा शब्द देऊ नये. शीर तुमच्या शब्दाला बांधलेली नसते. कधी ती सरकते, कधी मिटते, कधी सुई चुकते. तेव्हा माफी मागायची, दुसरी जागा शोधायची, फार तर दोनदा बघून दुसऱ्याला बोलवायचं. जो म्हणतो मी कधीच दुसऱ्यांदा टोचत नाही, तो बाकीच्या वेळी काय करतो, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही, कारण घरात त्यांच्याविषयी विचारायची पद्धत नव्हती. घरात त्यांच्याविषयी फक्त सांगायची पद्धत होती.

मग सासूबाईंची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. फार काही नाही, वयोमानाने होतं तसं. डॉक्टर म्हणाले, औषधं घ्या, आणि दर महिन्याला हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम बघत जाऊ. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. फार वाढला तरी हृदय बंद पडतं, फार उतरला तरी पडतं. रक्त अर्थातच थोरल्याने काढायचं. "माझ्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही," असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं. भाऊजी घरी पलंगावर बसून रक्त काढायचे आणि ट्यूबा लॅबमध्ये आणायचे.

पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी केळी बंद केली, टोमॅटो बंद केले, बटाटा पाण्यात भिजवून मगच खायला सांगितला. पुढच्या महिन्यातही वाढलेलं. मग पोटॅशियम उतरवणारी पावडर सुरू झाली. ती पाण्यात कालवून प्यायची, तोंडात वाळू भरल्यासारखी लागते. सासूबाई नाक दाबून प्यायच्या. तरी आकडा हटेना, म्हणून पावडर वाढली. इकडे त्या दिवसेंदिवस खचत चालल्या. पोटऱ्यांत गोळे यायचे. पाण्याचा तांब्या उचलवेना. बसल्या जागी छातीत धडधड व्हायची. जाऊबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं गेली बहुतेक." माझा नवरा अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, यावेळचा आकडा बघू, नाहीतर पावडर दुप्पट करू आणि डायलिसिसचा विचार करू.

त्या दिवशी जाऊबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून मी रजा काढून घरी होते. त्यामुळे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भाऊजींना सासूबाईंचं रक्त काढताना मी समोरून पाहिलं.

पट्टा, गप्पा, फुंकर, उघडं बोट. सगळं नेहमीचं. आधी त्यांनी जांभळ्या टोपणाची ट्यूब लावली, हिमोग्लोबिनची. ती काठोकाठ भरली. मग पिवळ्या टोपणाची, पोटॅशियमची. म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी शीर, ट्यूबच्या ओढीने मिटली. पिवळी अर्धीही भरली नव्हती. भाऊजींनी हसतहसत सुई काढली, बोळा दाबला. "झालं आई. एकच टोच."

"कळलंसुद्धा नाही रे बाळा," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी खिडकीकडे वळले. दोन्ही ट्यूबांची टोपणं काढली आणि एका भांड्यातलं दूध दुसऱ्यात ओतावं तसं जांभळीतलं रक्त पिवळीत ओतलं. काठावर थेंब ओघळला, तो फाटक्या मोज्याच्या अंगठ्याने पुसला, आणि अंगठा चादरीला.

जांभळ्या ट्यूबच्या आत, काचेच्या कडेला, रक्त गोठू नये म्हणून एक औषध लावलेलं असतं. ते औषध पोटॅशियमचंच असतं. पिवळीत त्याचे चार थेंब गेले की माझं मशीन त्या औषधातलं पोटॅशियम मोजतं आणि मी ते सासूबाईंच्या नावावर छापते. रंग बदलत नाही, वास येत नाही. मागच्या खोलीत कितीही डोळे फाडून बसा, कळत नाही.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"काय केलं? भरली."

"जांभळीतलं पिवळीत ओतलंत!"

"मग? रक्त तिचंच आहे ना? शेजाऱ्याचं घातलं का?"

"त्या जांभळीत पोटॅशियम असतं भाऊजी. दर महिन्याला असंच करता?"

त्यांनी ट्यूबवर टोपण बसवलं, नीट, हळुवार. त्यांच्या मानेवर लाली चढली आणि मला उत्तर मिळालं. दर महिन्याला. आणि फक्त आईलाच नव्हे, त्या सगळ्या बाकाला.

"आई," मी म्हणाले, "पुन्हा रक्त घ्यावं लागेल. हे बाद झालंय."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "का? याने घेतलंय की."

मी भाऊजींकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. आई, माझं चुकलं, पुन्हा टोचू दे. जीभ झडली नसती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही नाही गं आई. धाकटी मागच्या खोलीत बसून बसून कंटाळलीय. हाताला सवय करायची असेल तिला."

"माझ्या हातावर कशाला सवय करतेस गं?" सासूबाई म्हणाल्या. "आधीच अंगात त्राण नाही."

मी सरळ सांगितलं. ओतलं, औषध मिसळलं, आकडे खोटे आले, तुम्ही उगाच ती वाळू पिताय. सासूबाई माझ्यावरच उसळल्या. "माझा मुलगा माझ्या रक्तात भेसळ करील? लाज नाही वाटत तुला?"

शेवटी मी नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. तो आला, आईजवळ बसला, तिचा खांदा धरला आणि म्हणाला, "आई, माझ्यासाठी." त्या तोंड फिरवून पडल्या, हात मात्र पुढे केला.

मी हात धुतले, नवे मोजे घातले, अख्खे. त्यांना त्यांचं नाव विचारलं. "सासूचं नाव विसरलीस?" म्हणाल्या, पण सांगितलं. दुसऱ्या हाताला, कोपराच्या चार बोटं वर पट्टा बांधला, शीर चाचपली आणि लगेच सैल केला. स्पिरिट फिरवलं आणि सुकू दिलं. मूठ उघडमीट करायला लावली नाही, त्यानेही आकडा चढतो. पट्टा पुन्हा आवळला, कातडी ताणून धरली, सुई घातली, आणि शीर सरकली. सुई आत फिरवत बसले नाही. पट्टा सोडला, सुई काढली, डब्यात टाकली. "आई, चुकलं माझं. अजून एकदाच." त्या अशा किंचाळल्या की शेजारच्या दाराची कडी वाजली. दारात उभे राहून भाऊजी म्हणाले, "बघ, म्हणून म्हणत होतो."

दुसऱ्यांदा शीर लागली. आधी पिवळी, मग जांभळी. पट्टा सोडला, मग सुई काढली. दोन्ही ट्यूबा हलक्या हाताने उलट्यासुलट्या केल्या, त्यांच्यासमोर नाव लिहिलं आणि स्वतः लॅबमध्ये घेऊन गेले.

पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं लागतं. सासूबाईंचं अडीचच्याही खाली होतं. मी मशीनकडे बघत उभी राहिले. महिनोन्‌महिने ज्या बाईचं पोटॅशियम उतरवत होतो, तिचं वाढलेलंच नव्हतं. पावडरीने आता ते पार तळाला नेलं होतं. पोटऱ्यांतले गोळे, तांब्या न उचलणं, छातीतली धडधड, सगळं त्यानेच. भाऊजींनी ओतलेली ट्यूबही मी लावून पाहिली. ती नेहमीसारखीच वाढलेली निघाली. त्यात मी कॅल्शियमही मोजलं, जे डॉक्टरांनी कधी मागितलं नव्हतं. जवळजवळ नव्हतंच. जांभळीतलं औषध ते गिळून टाकतं.

डॉक्टरांना फोन केला. दोन्ही आकडे ऐकून त्यांनी लगेच विचारलं, "कॅल्शियम?" मी सांगितलं. "म्हणजे जांभळीतलं मिसळलं. कुणी काढलं होतं रक्त? ... जाऊ दे. पावडर बंद. आत्ताच्या आत्ता भरती करा. छातीचा ठोका चुकला तर आपल्या हातात काही राहणार नाही."

संध्याकाळपर्यंत सासूबाई वॉर्डमध्ये होत्या. छातीला वायरी, एका हातात सलाईन, त्यात पोटॅशियमच, अगदी सावकाश थेंब. थोड्याथोड्या वेळाने रक्त तपासून ते सलाईन कमी-जास्त करायचं होतं. आता प्रत्येक आकडा खरा हवा होता. एक खोटा आकडा आला असता आणि सलाईन चुकीच्या वेळी थांबलं असतं, तर संपलं.

भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. कोट चुरगळलेला. मी आकडा आणि सलाईनमध्ये काय आहे ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, खरोखर उतरला. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "धाकटे, ट्यूब अर्धीच भरली तर काय करायचं असतं?"

"काही नाही. पिवळी असेल तर अर्धीच पाठवायची. मशीनला त्यातले चार थेंब पुरतात."

"चार थेंब?"

"चार थेंब."

"मला वाटलं पूर्ण लागते." मग म्हणाले, "अर्धी दिसली की लोकांना वाटतं टोच चुकली."

इतकी वर्षं आमच्यामध्ये फक्त एक भिंत होती, आणि तिला खिडकी होती. त्या खिडकीतून त्यांनी मला कधी हे विचारलं नाही. मला त्यांची दया येऊ पाहत होती, आणि तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. रक्त घ्यायला सिस्टर आली होती. "मी नाही देणार. माझ्या मुलाला बोलवा."

भाऊजी उठले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. मीही मागोमाग गेले.

सासूबाईंनी हात पुढे केला, तो सलाईनचा. "हा घे बाळा. त्या हाताचं हिने बघ काय करून ठेवलंय." दुसरा हात माझ्या चुकलेल्या टोचणीने काळानिळा झाला होता, तो त्यांनी पोटाशी धरला होता.

सलाईनच्या हातातून रक्त घेतलं तर त्यात सलाईनच येतं. आणि ह्या सलाईनमध्ये पोटॅशियम होतं. हे भाऊजींना ठाऊक होतं. ठाऊक नसतं तरी आत्ताच बाहेर बाकावर त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. ठिबकणाऱ्या थेंबाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे बघून हसले आणि खिशातून पट्टा काढून त्याच दंडाला, सलाईनच्या वर बांधायला लागले. "वरून घेतो आई, कळणारसुद्धा नाही."

मी त्यांच्या हातातला पट्टा ओढून घेतला. माझ्या तोंडून काय निघालं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात 'तुम्ही' नव्हतं. सिस्टरने भाऊजींना कोपराने बाजूला सारलं. "ह्या हातातून घेत नाहीत, माहीत नाही का तुम्हाला? कोण आहात तुम्ही?" तिने सासूबाईंचा दुखरा हात अलगद सोडवला, काळानिळा भाग सोडून मनगटाजवळ शीर शोधली आणि रक्त घेतलं. सासूबाई लहान मुलासारख्या हुंदके देत होत्या. "बघ रे, कसे छळतात मला. तुला हातसुद्धा लावू देत नाहीत."

भाऊजी पलंगाच्या कडेला बसले. आपल्या उघड्या बोटाने त्यांनी आईच्या गालावरचं पाणी पुसलं, आणि तोच आवाज काढला, बाकावरच्या प्रत्येकाला मऊ करणारा.

"असू दे आई. इथे यांचे नियम असतात. घरी गेलीस की मी आहेच."

"तूच घे," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटले.